नवं सॉफ्टवेअर शिकायचंय? एकच अंगण मोजा आणि तेच सगळीकडे न्या

आर्किटेक्चर किंवा लँडस्केपचं (बागा, अंगणं, मोकळ्या जागांच्या रचनेचं) नवीन टूल, म्हणजे सॉफ्टवेअर, शिकायचं म्हटलं की बहुतेक जण एकच करतात, व्हिडिओ लावतात, त्यातलं घर जसंच्या तसं काढतात, तासाभरात स्क्रीनवर छान काहीतरी दिसतं, आणि आठवड्याने स्वतःचं काम उघडलं की हात थांबतो. इंटर्नशिपला आलेल्या मुलांमध्ये मी हे दरवर्षी बघते. हुशारी कमी पडते असं अजिबात नाही. त्या व्हिडिओतल्या घराचं एकही माप त्यांनी हातात टेप धरून घेतलेलं नसतं, त्यामुळे मॉडेल चुकलं तरी ते चुकलंय हे कळायला काही आधारच नसतो.

माझं सांगणं एवढंच आहे की एक लहानशी खरी जागा निवडा, ती स्वतः मोजा, आणि जे टूल शिकायचं त्यात तीच जागा घेऊन जा. ऑटोकॅड असो, स्केचअप असो, राइनो, रेव्हिट, क्यूजीआयएस, काहीही. जागा एक, मापं तीच. मग टूल बदललं तरी उत्तर तुम्हाला आधीच माहीत असतं आणि लक्ष फक्त टूलवर राहतं.

समजायला सोपं जावं म्हणून या लेखात एक अंगण धरूया, १२ मीटर रुंद, १८ मीटर लांब, मागच्या बाजूकडून गेटकडे ९० सेंटिमीटर उतार, आणि मध्ये एक मोठं झाड. तुमची जागा वेगळी असेल, आकडे तुमचे घाला.

आधी प्रश्न ठरवा, मग टूल

"कुठलं सॉफ्टवेअर शिकू" हा प्रश्न उलट्या बाजूने विचारला जातो. तुम्हाला कशाचं उत्तर हवंय ते आधी बघा. पाणी कुठून येतं, आजूबाजूची जमीन कशी आहे हे हवं असेल तर क्यूजीआयएस. मापाचं २डी ड्रॉइंग हवं असेल तर ऑटोकॅड किंवा तसलं कुठलंही कॅड. जागेत पायऱ्या, भिंत, ओटा कसा बसेल हे पटकन बघायचं तर स्केचअप. वळणदार आकार किंवा आकड्यांवर चालणारी रचना असेल तर राइनो आणि त्यातलं ग्रासहॉपर (ठोकळे वायरने जोडून रचना बनवायचं साधन). अख्ख्या इमारतीचे प्लॅन, सेक्शन (उभे छेद) आणि शेड्यूल (याद्या) एकमेकांशी जुळत राहायला हवेत तर रेव्हिट किंवा आर्किकॅड. क्लायंटला दाखवायचं चित्र हवं असेल तर ट्विनमोशन, लुमिऑन, एन्स्केप, ब्लेंडर.

यातलं क्यूजीआयएस आणि ब्लेंडर पूर्ण मोफत आणि मुक्त आहेत, राइनोची ९० दिवसांची पूर्ण चाचणी आवृत्ती मिळते, विद्यार्थ्यांसाठी ऑटोडेस्कची शैक्षणिक लायसन्स असतात. चोरीच्या कॉपीच्या नादाला लागू नका, शिकण्यासाठी त्याची गरजच पडत नाही.

आणि एका वेळी एकच. दोन टूल एकत्र शिकायला घेतली की शॉर्टकटची अशी सरमिसळ होते की दोन्हीत हात बसत नाही.

पहिली पायरी: टेप घेऊन बाहेर जा

हो, कॉम्प्युटर बंदच ठेवा. अंगणाच्या चारही बाजू मोजा आणि दोन्ही कर्ण मोजा. १२ बाय १८ चा कर्ण २१.६३ मीटर येतो. दोन्ही कर्ण तेवढेच आले तर कोपरे काटकोनात आहेत, एक २१.४० आणि दुसरा २१.८५ आला तर प्लॉट तिरका आहे आणि ते आत्ताच कळलेलं बरं. हा २१.६३ आकडा वहीत मोठा लिहून ठेवा, पुढे सारखा लागणार आहे.

झाडासाठी एकाच बाजूच्या दोन कोपऱ्यांपासून खोडाच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या. कॅडमध्ये त्या दोन कोपऱ्यांवर तेवढ्या त्रिज्येची वर्तुळं काढली की ती अंगणाच्या आत जिथे छेदतात तिथे झाड. खोडाचा घेर आणि फांद्यांचा पसारा किती लांब जातो तेही लिहा, पसारा चारही दिशांना वेगवेगळा असतो, गोल कधीच नसतो.

आता लेव्हल, म्हणजे जमिनीची उंची. लेझर किंवा डंपी (उंची मोजायचं दुर्बिणीचं यंत्र) असेल तर उत्तमच, नसेल तर पारदर्शक पाइपात पाणी भरलेली लेव्हल ट्यूब पुरते, फक्त आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. मागच्या कोपऱ्यात पाणी जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर उभं आहे आणि गेटपाशी १ मीटर ६० वर, म्हणजे गेट ९० सेंटिमीटर खाली. मागचा कोपरा १००.०० धरला तर गेट ९९.१०. अशा लेव्हल दर ३ मीटरवर घ्या. १२ मीटरात ५ बिंदू, १८ मीटरात ७, एकूण ३५. दोन जणांना साधारण अर्धा दिवस लागतो, कंटाळवाणं काम आहे हे मान्य, पण हे केलेल्या माणसाला कंटूर (समान उंचीच्या जागा जोडणारी रेषा) म्हणजे काय हे परत समजवावं लागत नाही.

हे ३५ बिंदू स्प्रेडशीटमध्ये तीन रकान्यांत टाका, आडवं अंतर, उभं अंतर, लेव्हल, आणि सीएसव्ही (स्वल्पविरामांनी वेगळे केलेले आकडे असलेली साधी फाइल) म्हणून सेव्ह करा. आकडे मात्र इंग्रजी अंकांतच टाइप करा, देवनागरी अंक टाकले तर बरीच सॉफ्टवेअर त्यांना अक्षरं समजतात आणि मग बिंदू का दिसत नाहीत हे शोधत बसावं लागतं.

दुसरी पायरी: २डी, आणि युनिटचा घोळ

कॅडमध्ये शिकायला शेकडो कमांड आहेत पण या अंगणासाठी दहा-बारा पुरतात, लाइन, पॉलिलाइन, ऑफसेट, ट्रिम, एक्स्टेंड, मूव्ह, कॉपी, रोटेट, ब्लॉक, हॅच, डायमेन्शन, लेयर. त्या हाताला सवय होईपर्यंत टूलबार न वापरता कीबोर्डने चालवा. बाकीच्या लागतील तेव्हा येतील.

खरी अडचण कमांडची नसतेच, युनिटची असते. फाइल सुरू करतानाच ठरवा की एक युनिट म्हणजे मिलिमीटर की मीटर. इमारतवाले मिलिमीटरमध्ये काढतात, सर्व्हे मीटरमध्ये येतो, आणि दोन्ही एकत्र आले की घर प्लॉटपेक्षा हजारपट मोठं दिसतं किंवा ठिपक्याएवढं होऊन हरवतं. असं झालं की अंदाजाने स्केल करू नका. कर्ण मोजा. २१६३० आला तर फाइल मिलिमीटरमध्ये आहे, २१.६३ आला तर मीटरमध्ये, आणि ८५१.६ असं काहीतरी आलं तर कुणीतरी मध्ये इंच घुसवलेत.

माझा नियम असा की फाइल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात गेली की सगळ्यात आधी दोन गोष्टी तपासायच्या, कर्ण २१.६३ आणि उतार ०.९०. या दोन्ही बरोबर असतील तरच पुढे. अर्धं मिनिट लागतं.

तिसरी पायरी: जमीन (इथे वेळ द्या)

आर्किटेक्चरच्या बाजूने आलेले लोक सगळ्यात जास्त इथे अडतात कारण त्यांच्यासाठी जमीन म्हणजे एक सपाट आयत असतो. लँडस्केपमध्ये जमीन हेच मुख्य मॉडेल.

क्यूजीआयएसमध्ये सुरुवात करा असं मी सांगेन. सीएसव्ही 'डिलिमिटेड टेक्स्ट' म्हणून आत घ्या, ३५ बिंदू दिसतील. मग प्रोसेसिंगमधून टिन इंटरपोलेशन चालवा, म्हणजे सॉफ्टवेअर शेजारच्या बिंदूंमध्ये त्रिकोण जोडून मधल्या जागेची उंची काढतं. त्यातून तयार झालेल्या रास्टरवर (प्रत्येक चौकोनात एक उंची असलेल्या जाळीवर) कंटूरची कमांड, अंतर ०.१ मीटर. साधारण समांतर अशा नऊ-दहा रेषा आल्या पाहिजेत. एखादी रेषा मध्येच बैलाच्या डोळ्यासारखी गोल फिरली असेल तर तिथे एक लेव्हल चुकीची टाइप झालीये, नाहीतर खरंच खड्डा आहे. बाहेर जाऊन बघा, पाच पावलांवर तर आहे.

त्याच कंटूरच्या खिडकीत '३डी व्हेक्टर' बनवायचा पर्याय असतो, त्यावर टिक करायला विसरू नका. टिक नसेल तर रेषा कागदावर काढल्यासारख्या सपाट येतात आणि उंची फक्त त्यांच्या टेबलमध्ये आकडा म्हणून राहते. कॅडमधून येणाऱ्या सर्व्हेतही हेच होतं. एकदा एका प्रोजेक्टला अशी फाइल आली होती, कंटूर सुंदर, प्रत्येकावर आकडा लिहिलेला, आणि आम्ही त्यावर दोन दिवस रिटेनिंग वॉल (माती अडवणारी भिंत) बसवत होतो, सेक्शन कापला तेव्हा कळलं की सगळ्या रेषा झेड, म्हणजे उंची, शून्यावर पडल्या आहेत आणि आकडे म्हणजे नुसतं बाजूला ठेवलेलं टेक्स्ट आहे. तेव्हापासून कंटूर आला की मी एका पॉलिलाइनवर क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये एलिव्हेशन बघते आणि मगच फाइल कामाला घेते.

उताराचं रास्टर काढलंत तर क्यूजीआयएस तो अंशांत देतं. ९० सेंटिमीटर १८ मीटरात म्हणजे १ः२०, ५ टक्के, आणि अंशांत जेमतेम २.८६. पाच दिसायला हवे होते असं वाटून गोंधळू नका, टक्क्यांचाही पर्याय तिथेच आहे.

आता जे लोक म्हणतात सॅटेलाइटचा डेटा मोफत मिळतो मग मोजायचं कशाला, त्यांच्यासाठी. एसआरटीएम हा उंचीचा डेटा २००० साली स्पेस शटलमधून रडारने घेतला, त्याचा एक चौकोन साधारण ३० बाय ३० मीटरचा, म्हणजे ९०० चौरस मीटर. आपलं अंगण २१६ चौरस मीटर. अख्खं अंगण एका चौकोनात बुडतं आणि उताराच्या जागी एकच आकडा मिळतो, शिवाय दाट झाडी असेल तिथे रडार जमिनीऐवजी झाडांच्या वरच्या भागावरून परत येतं. पण हाच डेटा मोठ्या परिसरासाठी फार मोलाचा आहे, तुमच्या जागेच्या वर किती क्षेत्राचं पाणी उतरतं, नैसर्गिक ओघळ कुठे आहे, हे त्यातून कळतं. १९६० च्या दशकात इयन मॅकहार्ग हे लँडस्केप आर्किटेक्ट पारदर्शक शीटवर माती, उतार, पाणी, झाडी असे वेगवेगळे नकाशे काढून एकावर एक ठेवायचे आणि कुठे बांधू नये ते शोधायचे, आज क्यूजीआयएसमधले लेयर नेमकं तेच काम करतात. ही सवय एकदा लागली की प्लॉटच्या कंपाउंडच्या बाहेर बघायला आपोआप सुरुवात होते.

असा बाहेरचा डेटा घेताना कोऑर्डिनेट सिस्टिम (जागेचं स्थान आकड्यांत सांगायची पद्धत) समजून घ्या. ईपीएसजी ४३२६ म्हणजे अक्षांश-रेखांश, मापं अंशांत, त्यात अंतर किंवा उतार मोजलात तर आकड्याला अर्थ राहत नाही. मीटरमध्ये मोजायचं तर यूटीएमसारखी सिस्टिम हवी, पृथ्वीचे ६ अंशांचे ६० पट्टे, तुमचा पट्टा कुठला ते बघून निवडायचा. पण यूटीएमचे आकडे लाखांत असतात, ते तसेच स्केचअप किंवा राइनोमध्ये नेले की मॉडेल शून्यापासून शेकडो किलोमीटर लांब पडतं आणि रेषा थरथरतात, फेस कापले जातात. म्हणून एक कोपरा ठरवा, त्याचे खरे कोऑर्डिनेट वहीत आणि फाइलमध्ये लिहा, आणि तो कोपरा शून्यावर आणून काम करा.

चौथी पायरी: ३डी

स्केचअपमध्ये कंटूर आणून सँडबॉक्समधलं 'फ्रॉम कंटूर्स' चालवलं की पृष्ठभाग तयार होतो, कडेला प्लॉटच्या बाहेर जादाचे त्रिकोण येतात ते पुसून टाका. राइनोमध्ये तेच बिंदू घेऊन 'मेशपॅच' वापरा. 'पॅच' नावाची दुसरी कमांड आहे, ती दिसायला जास्त गुळगुळीत पण बिंदूंमधून नेमकी जात नाही, मधूनच वर-खाली तरंगते, त्यामुळे लेव्हल महत्त्वाच्या असतील तिथे ती नको. रेव्हिटमध्ये २०२४ च्या आवृत्तीपासून टोपोसॉलिड आलंय, आधी जमीन म्हणजे जाडी नसलेला पापुद्रा होता, आता तो खरा घन आहे, त्यामुळे पाया, टाकी, पायरी त्यातून कापता येते. सीएसव्ही त्यातही थेट जाते.

स्केचअप शिकताना दोनच सवयी पहिल्या दिवसापासून लावा. काहीही काढलं की लगेच ग्रुप किंवा कंपोनंट करा, नाहीतर भिंत जमिनीला चिकटते आणि एक हलवली की दुसरी ओढली जाते. आणि रेषा-फेस नेहमी 'अनटॅग्ड'वरच काढा, टॅग (स्केचअपमधले लेयर) फक्त ग्रुपला द्या.

आता डिझाइन. गेटपासून मागे जायला पायऱ्या घालून बघा. ९० सेंटिमीटर म्हणजे १५ सेंटिमीटरच्या ६ पायऱ्या, मध्ये ५ पावठे (पाय ठेवायच्या जागा), प्रत्येकी ३० सेंटिमीटर, एकूण दीड मीटर. व्हीलचेअरसाठी १ः१२ चा रॅम्प घेतला तर १०.८ मीटर लांब आणि सपाट टप्पे वेगळे. १८ मीटरात तो बसतो, पण झाडाच्या पसाऱ्याखालून जातो का ते बघा. हे मी मुद्दाम सांगतेय कारण झाडाखालची माती खोदली की मुळं तुटतात आणि भराव टाकला की मुळांना हवा मिळत नाही, झाड लगेच मरत नाही, दोन-तीन वर्षांत वाळतं आणि तोवर कारण कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून मॉडेलमध्ये पसाऱ्याची कड जमिनीवर उतरवून ठेवा आणि तिच्या आत लेव्हल बदलायची नाही.

खोदाई-भराव म्हणजे कट-फिलचं टूल शिकताना आधी हाताने गणित करा. समजा झाड बाजूला ठेवून, केवळ सराव म्हणून, अख्खं अंगण मधल्या लेव्हलला सपाट केलं. वरच्या अर्ध्या भागात ९ मीटर लांबीवर खोली शून्यापासून ४५ सेंटिमीटरपर्यंत, त्रिकोणाचं क्षेत्रफळ २.०२५, रुंदी १२, म्हणजे २४.३ घनमीटर खोदाई, तेवढाच भराव. आता सॉफ्टवेअरला विचारा. २४ च्या आसपास आलं तर टूल समजलं, २४० आलं तर कुठेतरी युनिट किंवा जुना पृष्ठभाग चुकीचा निवडलाय. खरी जमीन एकसारखी उतरत नाही त्यामुळे थोडा फरक येणारच. आणि खोदलेली माती सुटी झाली की फुगते, वाहतुकीचा हिशोब करताना तो वाढीव आकडा धरायचा.

पाचवी पायरी: ऊन तपासा

लोकेशन आणि उत्तर दिशा टाकली की सावल्या दिसतात, आणि बहुतेक जण त्या बरोबर आहेत असं धरून चालतात. तपासणं सोपं आहे. एक मीटरची काठी अंगणात उभी करा, वेळ लिहून सावली मोजा, तीच काठी मॉडेलमध्ये उभी करा. २१ मार्चच्या सुमाराला सूर्य सर्वात वर असताना त्याचा कोन ९० वजा तुमचा अक्षांश एवढा असतो, अक्षांश २० असेल तर ७० अंश, काठीची सावली ३६ सेंटिमीटर. घड्याळाचे बारा आणि सूर्य सर्वात वर असण्याची वेळ या वेगळ्या असतात हे विसरू नका. सावली लांबीला बरोबर पण दिशेला वाकडी येत असेल तर उत्तर दिशा चुकलीये.

झाडांची जड मॉडेल आत्ता घालू नका, एकेका झाडात लाखो पॉलिगॉन असतात आणि फाइल हलेनाशी होते. खोड आणि वर मोजलेल्या पसाऱ्याएवढा साधा गोळा, सावलीसाठी एवढं पुरतं. नवीन झाड लावणार असाल तर तेच झाड लावतानाचं, पाच वर्षांनंतरचं आणि पूर्ण वाढीचं अशा तीन कंपोनंटमध्ये करा, हे चित्र क्लायंटला कुठल्याही रेंडरपेक्षा (खऱ्यासारख्या दिसणाऱ्या चित्रापेक्षा) जास्त समजतं.

ग्रासहॉपर, थोडक्यात

हे सगळं जमल्यावरच याच्याकडे वळा. पहिला सराव लागवडीचा घ्या. एका वाफ्यात रोपं ३० सेंटिमीटर अंतरावर लावायची, चौकोनी मांडणीत चौरस मीटरला ११ रोपं लागतात, त्रिकोणी मांडणीत जवळपास १३. स्लायडर हलवला की अंतर बदलावं, रोपांची संख्या आपोआप यावी, आणि बिंदू जमिनीच्या मेशवर (त्रिकोणांच्या जाळीवर) उतरावेत, एवढं स्वतः जोडता आलं की ग्रासहॉपरचा गाभा कळला. मध्ये ग्राफ्ट-फ्लॅटन (डेटाच्या याद्या वेगळ्या किंवा एकत्र करणारे पर्याय) वरून डोकं उठेल, प्रत्येक वायरला पॅनल (डेटा दाखवणारा ठोकळा) जोडून आत काय वाहतंय ते बघत राहा, त्याला दुसरा उपाय नाही.

रेंडरबद्दल मी फार लिहीत नाही, ते जमतंच. एआयने चित्रं बनवणारी टूल कल्पना सुचायला वापरा, पण त्या चित्रातल्या पायऱ्या मोजून बघा, माप त्यांना माहीत नसतं.

रोजचा सराव कसा करायचा

रोज पाऊण तास, आठवड्यातून पाच दिवस. व्हिडिओ बघायचा असेल तर बघा, पण दुसऱ्या दिवशी व्हिडिओ न लावता रिकाम्या फाइलवर तेच परत करा. जिथे अडलं ते वहीत एका ओळीत लिहा, "कंटूर सपाट आले, ३डी टिक नव्हती" असं, स्वतःच्या भाषेत. महिन्याने ही वही कुठल्याही ट्युटोरियलपेक्षा कामाची होते. अडलात तर आधी सॉफ्टवेअरचं स्वतःचं हेल्प पान वाचा.

फाइलच्या नावात तारीख ठेवा आणि मोठा बदल करण्याआधी नवीन नावाने सेव्ह करा. रेव्हिटची फाइल नवीन आवृत्तीत सेव्ह केली की जुन्या आवृत्तीत उघडत नाही, टीममध्ये काम असेल तर कुठली आवृत्ती हे आधी बोलून घ्या.

आणि प्रत्येक टूलमधून शेवटी एक शीट बाहेर काढाच, १ः१०० चा प्लॅन, एक सेक्शन, लेव्हल आणि मापांसकट. मॉडेल सुंदर पण शीट निघत नाही अशा अवस्थेत खूप जण टूल सोडून देतात. ती शीट प्रिंट करा, खुंट्या आणि दोरी घेऊन अंगणात जा, सहा पायऱ्यांची जागा दोरीने आखा आणि त्यावरून चालून बघा. दोरी झाडाच्या मुळाला लागते का, गेट उघडताना पहिली पायरी आड येते का, ते तिथेच लिहा, परत येऊन मॉडेलमध्ये दुरुस्त करा. हे झालं की त्या टूलची पहिली फेरी संपली, आता दुसरं टूल उघडा, तीच ३५ बिंदूंची सीएसव्ही आत घ्या आणि कर्ण मोजा.